बाल्साला कोणता गोंद

"हात दाखव," शितोळे साहेब म्हणाले.

मी दाखवले.

"उलटे कर."

केले. पत्र्याच्या त्या हॉलमध्ये साठेक माणसं होती आणि साठही जण माझ्या हातांकडे बघत होते. शाळेत दर सोमवारी नखं तपासायचे, तेव्हाही माझ्या हातांना इतका मान मिळाला नव्हता.

"दहाच्या दहा आहेत," साहेब म्हणाले. "अभिनंदन."

इथे थांबतो. कारण या प्रसंगाचा गोंदाशी संबंध आहे, आणि गोंदाची गोष्ट मधूनच सुरू केली की सगळं वाकडं चिकटतं.

माझ्या ऑफिसात दर जूनला नवी मुलं येतात. हातात बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या, चेहऱ्यावर जग बदलण्याचा बेत. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "सर, बाल्साला कोणता गोंद?" मी सांगतो, ट्यूबवर लिहिलंय ते वाच. ट्यूबवर सहा सूचना असतात आणि त्या कुणी वाचत नाही. मीही वाचल्या नव्हत्या. आता त्याच क्रमाने सांगतो. तिसरी मात्र मागे ठेवणार आहे. का, ते तिची पाळी आल्यावर.

१. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे असावेत.

पहिला पृष्ठभाग मी. सन्मती मगदूम, सांगली. साल शहाण्णव, वय सव्वीस. आर्किटेक्टची पदवी घेऊन तीन वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात बसून मी फक्त संडास-बाथरूमचे नकाशे काढत होतो. सांगलीतली निम्मी प्रतिष्ठित माणसं सकाळी माझ्या कल्पनेत बसत होती, पण नाव पाटीवर दुसऱ्याचं होतं.

अशात एका संस्थेने स्पर्धा जाहीर केली. तीस वर्षांखालच्या आर्किटेक्टांनी संगीत सभागृहाचा आराखडा द्यायचा. जो जिंकेल त्यालाच ते बांधायचं काम. म्हणजे स्वतःचं ऑफिस, स्वतःची पाटी. मला त्या सभागृहाइतकं आयुष्यात दुसरं काही नको होतं.

नियम अकरा. त्यातला सातवा असा: "मॉडेल स्पर्धकाने स्वहस्ते केलेले असावे, अन्यथा प्रवेशिका बाद." हा नियम संस्थेचे सचिव शितोळे साहेबांचा. साहेब निवृत्त डीवायएसपी. चौतीस वर्षं खात्यात काढल्यामुळे त्यांना जगात दोनच जातीची माणसं दिसत: पकडलेली आणि अजून न पकडलेली.

आता माझे हात. मी रेघ उत्तम ओढतो. पण पट्टी कापून दुसऱ्या पट्टीला चिकटवा म्हटलं, की माझ्या हातांना ते परक्या भाषेतलं बोलणं वाटतं. माझं पहिलं मॉडेल म्हैस बसून उठल्यासारखं झालं. दुसरं, म्हैस बसलेली असतानाच.

म्हणून मी मिरजेला गेलो. तिथे दुसरा पृष्ठभाग होता.

२. योग्य गोंद निवडा.

इलाही शिकलगार सतारी करायचे. साठीचे, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. वरची दोन पेरं तरुणपणी करवतीने नेलेली. उजव्या अंगठ्यावर आडवा जुना वार. बाकीची बोटं मात्र अशी चालायची की बघताना आपल्याला आपल्या हातांची लाज वाटावी.

मी बाल्साची पट्टी पुढे केली. त्यांनी नखाने दाबली. नख आत गेलं.

"इंजिनेर, हे लाकूड हाय का पाव?"

"आर्किटेक्ट," मी म्हणालो.

"तेच की. लाकूड हाय का पाव?"

मी त्यांना पुस्तकातलं ज्ञान दिलं. बाल्सा हलकं, सच्छिद्र, मॉडेलसाठी जगभर वापरतात, वगैरे. त्याला चालणारे तीन गोंद मी पिशवीतून काढून ओळीत मांडले: पांढरा, दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सी, आणि सुईएवढ्या तोंडाच्या ट्यूबमधला झटपट. इलाहीचाचांनी शेजारी चौथं भांडं ठेवलं. गरम पाण्यात बसवलेलं, आत तपकिरी, दाट, वास मारणारा सरस. कातडी-हाडं उकळून केलेला. मी जैनाच्या घरातला. नाकाला रुमाल लावला. धर्म सांभाळल्याचं समाधान मिळालं.

त्यांनी चार गोंदांनी चार जोड केले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "मोडा."

पांढऱ्याचा जोड मोडायची गरजच नव्हती. पट्टी पाणी पिऊन केळीच्या पानासारखी वळली होती. इपॉक्सीचा जोड मला मोडेना.

"हा पक्का," मी खुशीत म्हणालो.

"पक्का हाय की. तोलून बघा. उंदराला चिलखत घातलंय तुमी."

झटपटवाला कडकन मोडला, पण जोडावर नाही, जोडाच्या शेजारी.

"बघा चाचा! जोड नाही तुटला."

"जोड न्हाई तुटला, लाकूड तुटलं. गोंद लाकडापेक्षा हट्टी असून कसं चालंल?" त्यांनी तुकडा उजेडात धरला. "आणि हे भोवतीनं पांढरं काय उठलंय?"

"त्याची वाफ बसते. बंद जागेत जास्त बसते," मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं नंतर म्हणायची सोय मी इथेच घालवली.

सरसाचा जोड शेवटचा. मी जोर लावला. हलला नाही. चाचांनी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्यावर ठेवलं, थोडं थांबले, आणि दोन्ही पट्ट्या हलकेच वेगळ्या केल्या. कुठे ओरखडा नाही.

"सुटला!" मी टाळी वाजवली.

"सुटला न्हाई. सोडवला." त्यांनी पट्ट्या पुसल्या. "सतार पन्नास वर्सं वाजती, इंजिनेर. मधी कधीतरी बिघडणार. कुणीतरी उघडाया बसणार. त्याला न फोडता उघडता आली पायजे का नको?"

सरस ठरला. पातळ केलेला, काडीच्या टोकाने लावलेला. पुढचे अडीच महिने मी रोज संध्याकाळी मिरजेला जाऊन "देखरेख" केली, म्हणजे स्टुलावर बसून चहा प्यायलो. माझ्या नकाशातलं छप्पर उभं राहीना. चाचांनी पट्ट्या वाफेवर धरून भोपळ्याच्या अंगाने वळवल्या, फासळी-फासळी जोडली आणि म्हणाले, "असं केलं तर?" ते माझ्या नकाशापेक्षा सुंदर होतं. मी घरी येऊन नकाशा बदलला. खाली लिहिलं, संकल्पना: सन्मती मगदूम. खिडक्यांना अ‍ॅक्रिलिकचे नखाएवढे तुकडे त्यांनी एकेक बोटाने दाबून बसवले. वरची पारदर्शक पेटीही त्यांनीच केली, चार स्क्रूंवर. ते तिला काच म्हणायचे.

घरी आई विचारायची, "अंगाला कसला रे वास?"

"झाडाचा डिंक."

चाचांनी मागितलं एकच. सतारीचा भोपळा बंद करण्याआधी ते आतून पेन्सिलीने आपलं नाव आणि साल लिहायचे. ते कुणाला दिसत नाही. कधीतरी जो उघडेल त्याला कळतं.

"हितं आतली बाजूच न्हाई, सगळंच उघडं," ते म्हणाले. म्हणून त्यांनी अंगठ्याच्या नखाएवढं कार्ड कापलं. 'मॉडेल: इलाही शिकलगार, मिरज.' मॉडेलच्या बैठकीच्या, म्हणजे खालच्या फळीच्या, कोपऱ्यात सरसाने चिकटवलं. "बारीक हाय. दिसलं न्हाई तरी चालंल. असलं पायजे."

"अर्थातच, चाचा."

"रविवारी येतो बघाया."

"कशाला त्रास? गर्दी असते."

"त्रास कसला? बस हाय की."

नियम सात मी त्यांना वाचून दाखवला नव्हता. त्यांनी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

३.

नंतर.

४. हवेशीर जागेत वापरा.

रविवारी सकाळी मी रिक्षातून मॉडेल नेलं. पेटीवर गवसणी होती, लाल मखमलीची, तळाशी नाडी आवळलेली. सतारीला शिवतात तशीच चाचांनी मॉडेलला शिवून घेतलेली. मी ती शनिवारी संध्याकाळी घातली होती आणि त्यानंतर काढली नव्हती. अनावरणाचा थाट बिघडू नये म्हणून.

प्रवेशिका सात. माझी शेवटची. आधीच्या सहांपैकी एक थर्माकोलची होती आणि पंख्याच्या वाऱ्याने तिचा बाल्कनीचा भाग परीक्षकांच्या चहात पडला. मला फार बरं वाटलं. परीक्षक दोनच: शितोळे साहेब, आणि पुण्याहून आलेले ज्येष्ठ आर्किटेक्ट केळवकर, ज्यांना परतीची गाडी गाठायची होती.

मागच्या रांगेत चाचा बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी. मला बघून डावा हात वर केला. साडेचार बोटं.

मी भाषण केलं. "या वास्तूची फासळी न् फासळी मी माझ्या या हातांनी..." असा शब्दशः आरंभ होता. शेवटी नाडी ओढली.

हॉल शांत झाला. मी ती दाद समजलो. मग मीही वळून बघितलं.

पेटीच्या चारही बाजू आतून पांढऱ्या बोटांनी भरल्या होत्या. शाई लावून कागदावर उमटवावी तशी रेषा न् रेषा स्पष्ट. तीन बोटं ओळीने, आणि पहिल्याच्या जागी खाली एक ठेंगणा गोल. पुन्हा तीन, पुन्हा ठेंगणा. नखाएवढ्या खिडक्यांवर अंगठा, त्यावर आडवी फट. खिडकीमागून खिडकी, अंगठ्यामागून अंगठा. इवल्याशा सभागृहाला कुणीतरी चहूबाजूंनी हातांनी धरून ठेवलं होतं.

"हा... संकल्पनेचा भाग आहे का?" केळवकरांनी विचारलं.

हो म्हणावंसं मला खरंच वाटलं. श्रोत्यांचे टाळ्यांसाठी उठलेले हात, असलं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण शितोळे साहेब चष्मा लावून पेटीपाशी वाकले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तारुण्य आलं होतं.

"ट्यूबमधला गोंद वापरलास?"

"थोडासा."

"आणि लगेच बंद केलंस. आत ओल होती?"

"असेल."

"अरे, हे खात्यात आम्ही मुद्दाम करायचो! चोराने हात लावलेली वस्तू बंद डब्यात ठेवायची, ओल ठेवायची, ह्या गोंदाची वाफ द्यायची. डोळ्याला न दिसणारे ठसे असे पांढरे उठतात. मग पुसून जात नाहीत." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "तू सगळी तयारी घरूनच करून आलास."

५. घट्ट दाबून धरा.

"हात दाखव," ते म्हणाले.

हा भाग झालाय. दहाच्या दहा, अभिनंदन. पण त्यापुढे त्यांनी माझी तर्जनी पकडून अंगठ्याने चोळली.

"रेषाच नाहीत. गुळगुळीत."

खरंच नव्हत्या. आदल्या दिवशीचा गोंद दहाही बोटांवर वाळून चकचकीत झाला होता. पेटीभर चाचांची बोटं, आणि माझ्या हाताला स्वतःचा ठसाच नाही.

"काम करून झिजल्या, साहेब," मी म्हणालो.

केळवकर खोकले. मागे कुणीतरी हसलं.

"बरं. मग हा अर्ध्या बोटाचा गृहस्थ कोण?"

मी विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित याहून वाईट बोललो असतो.

"काचवाला, साहेब. पेटी बाहेरून करून घेतली. नियमात मॉडेल म्हटलंय, काचेचं काही नाही."

मागे खुर्ची सरकली. चाचा पुढे येत होते. ते माझ्याकडे येत नव्हते, मॉडेलकडे येत होते. कधीचे नाव बघायला आले होते आणि आता कुठे त्यांना पुढे यायची संधी मिळाली होती. ते बैठकीच्या कोपऱ्याशी वाकले. तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक चौकोन बाकीच्या लाकडाहून फिकट होता. ते बघत राहिले.

"तुम्ही कोण?" शितोळे साहेबांनी विचारलं. खरं म्हणजे त्यांचं लक्ष चाचांच्या डाव्या हाताकडे गेलं होतं आणि त्यांना कळलं होतं.

चाचांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. सरस निवून धरायला लागतो, तेवढा वेळ.

"काचवाला," ते म्हणाले.

"काय?"

"काच मी बसवली, साहेब. हात पुसायचे ऱ्हायले. पोराची चूक न्हाई."

"आणि आतल्या त्या खिडक्या? त्यांच्यावर कुणाचा अंगठा?"

"ती पण काचच की."

साहेबांनी पेन उघडलं, परत बंद केलं. गुन्हा नाकारणारी माणसं त्यांनी खंडीने बघितली होती. आपण केलेल्या कामाला नाही म्हणणारा माणूस कोणत्या कलमात बसवायचा, हे त्यांना चौतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. केळवकरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, छप्पर मात्र असामान्य आहे.

मी जिंकलो.

३. एकच थेंब वापरा.

ही सूचना मी बरीच वर्षं अशी सांगत आलो: शनिवारी दुपारी कार्ड निघालं, दोन फासळ्या सुटल्या, त्या चिकटवल्या गेल्या.

सगळं आपोआप झालेलं. आता परत लिहितो.

शनिवारी दुपारी मी मॉडेल घरी आणलं. मी चार स्क्रू काढले, पेटी उचलून बाजूला ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी मागितलं.

"कशाला?" आईने विचारलं.

"पुसायला."

"काय पुसायचंय?"

मी पातेलं घेऊन बाहेर आलो. ओलं फडकं कार्डावर ठेवलं. कार्ड हलकेच निघालं, न फाटता, अक्षरसुद्धा फुटलं नाही. सोडवायचं कसं ते मला शिकवलेलंच होतं. पण माझं फडकं फार मोठं आणि फार ओलं. शेजारच्या दोन फासळ्याही सुटल्या. घरात सरस नव्हता. आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता, असं मी म्हणू शकतो. मिरज बारा किलोमीटरवर होती. मला जाता आलं असतं. पण चाचांना काय सांगणार होतो, कशाने सुटल्या?

म्हणून मी ट्यूब काढली. दहा थेंब लावले असतील, निम्मे बोटांवर. लाकूड ओलं होतं तसंच पेटी ठेवून स्क्रू आवळले, गवसणी घातली, नाडी बांधली.

कार्ड पाकिटात ठेवलं. फेकलं नाही, याचं त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं.

६. वापरानंतर झाकण घट्ट लावा.

आठवड्याने मी पेढे घेऊन मिरजेला गेलो. चाचा भोपळ्याला पट्टी बसवत होते. एक पेढा खाल्ला, बोटं पुसली.

"कुठला गोंद वापरला वो मागनं?"

"झटपट."

"हं." ते पट्टी दाबून बसले. "आता उघडायचा कसा त्यो?"

कार्ड मी पाकिटातून काढून वरच्या खिशात ठेवलं होतं. मी चहा प्यायलो, सभागृहाच्या पायाच्या खर्चाबद्दल बोललो आणि निघालो. पुढे एकदोनदा गेलो, मग कामं वाढली. चाचा गेले तेव्हा मी साइटवर होतो. अशा वेळी माणूस साइटवरच असतो.

सभागृह उभं आहे. त्याचं छप्पर विद्यार्थी बघायला येतात. दरवाजाशी मॉडेल आहे, खाली पितळी पट्टी: 'संकल्पना व मॉडेल: सन्मती मगदूम.'

यंदा वर्धापनदिनाला मी प्रमुख पाहुणा होतो. तासभर आधी पोचलो. संस्थेचा सेवक, बिरू नावाचा, ओलं फडकं घेऊन पेटी पुसत होता.

"साहेब, हे डाग काय निघत नाहीत. मी इथं लागल्यापासून घासतोय."

"आतून आहेत ते."

"आतून?" त्याने नाक काचेला लावलं. "बोटं आहेत की! कुणाची हो?"

प्रश्न तोच होता. फक्त या वेळी विचारणाऱ्याच्या हातात पेन नव्हतं.

मी पाकिटात बघितलं. अठ्ठावीस वर्षांत पाच पाकिटं बदलली, कार्ड दर वेळी नव्यात गेलं. कडा मऊ झाल्यात, अक्षर आहे.

"स्क्रूड्रायव्हर आण, बिरू."

तो आला, आणि हौसेने खिशातून एक ट्यूबही काढली. "काय चिकटवायचं असलं तर हे भारी आहे, साहेब. दोन सेकंदांत."

"ती ठेव आत." मी पहिला स्क्रू सैल केला आणि थांबलो. "तू बाकीचे काढ. काचेला आतून फडकं लावू नकोस. मी मिरजेला जाऊन सरस घेऊन येतो. ही बोटं ज्यांची, त्यांची मुलगी अजून सतारी करते."

"आत्ता? साहेब, अकराला तुमचं भाषण आहे. आणि तुमची गाडी तर ड्रायव्हर घेऊन गेला हार आणायला."

"बस आहे की," मी म्हणालो.